अल क्वोजमध्ये झालेली इंग्लंडची निवडणूक

"तुमचा व्यवसाय काय?" असं कुणी विचारलं की सव्वीस वर्षं मी "सप्लाय" एवढंच उत्तर देत आलो. दुबईत तेवढं पुरतं. इथे प्रत्येक दुसरा माणूस काहीतरी सप्लाय करतच असतो, कुणी वाळू, कुणी नटबोल्ट, कुणी कोथिंबीर. या अंकाच्या संपादकबाई मात्र चिकाटीच्या. त्यांनी विचारलं, "सप्लाय, पण कशाचा?" मी म्हटलं, "गर्दीचा." त्या फोनवर हसत सुटल्या आणि त्यांचं हसू थांबेपर्यंत मी लेख द्यायचं कबूल करून बसलो होतो.

तर मी गर्दी पुरवायचो. जाहिरातीत मॉलमधून पिशव्या घेऊन हसत जाणारी माणसं, सिनेमातल्या विमानतळावर बॅगा ओढणारी माणसं, उद्घाटनाला टाळ्या वाजवणारी माणसं, ही सगळी कुठून तरी आणावी लागतात. ती रीतसर परवाने काढून वेळेवर आणायची, कपडे चढवून उभी करायची आणि त्यांना काहीही न करायला शिकवायचं, हे माझं काम. काहीही न करणं फार अवघड असतं. एरवी सरळ चालणाऱ्या माणसाला "नुसतं चाला" म्हटलं की तो उजव्या पायाबरोबर उजवा हात पुढे टाकायला लागतो. "कॅमेऱ्याकडे बघू नका" म्हटलं की मान तिकडेच वळते.

साठ माणसांत तीनशेंची गर्दी उभी करता येते. उंच माणसं मागे ठेवायची, प्रत्येकाच्या खांद्याआडून दुसऱ्याची टोपी दिसली पाहिजे, आणि दोन मित्रांना शेजारी उभं करायचं नाही, कारण ते गप्पा मारतात. दोन भांडलेल्यांनाही नाही, कारण ते तिथेच मिटवायला लागतात. गर्दीने पुटपुटायचं असतं. काय पुटपुटायचं ते कुणी सांगत नाही, म्हणून मी आमच्या लोकांना सांगून ठेवलं होतं, बाजारभाव बोला. त्यामुळे आखातात तयार झालेल्या कित्येक जाहिरातींत नीट कान दिलात तर मागे बांगड्याचा आणि पापलेटचा भाव चाललेला ऐकू येईल.

मी दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका गोदामाच्या पोटमाळ्यावर बसायचो. त्याला आम्ही ऑफिस म्हणायचो. माणसं गोळा करायचं काम माझे जोडीदार रशीदभाई करत. ते मूळचे श्रीवर्धनचे, राहायला जुन्या दुबईतल्या देऱ्यात. देऱ्याच्या कोणत्या इमारतीत कोणत्या खोलीत किती माणसं झोपतात आणि त्यांतल्या कुणाला शुक्रवारी सुटी असते, हे त्यांना तोंडपाठ. आमची जोडी चांगली जमली, कारण मी काळजी करायचो आणि ते "यल्ला", म्हणजे चला, म्हणायचे.

चुकाही झाल्या. फुजैराला एका कंपनीने जहाजांना तेल भरणारी नवी बार्ज घेतली. तिच्या स्वागताला टाळ्या वाजवायला चाळीस माणसं हवी होती. आम्ही सकाळी सातला धक्क्यावर हजर. समोरून एक जहाज आलं, रशीदभाईंनी हात वर केला आणि आमच्या लोकांनी जीव तोडून टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या सुरू केल्या. ते जहाज वेगळ्याच कंपनीचं, मेंढ्या घेऊन चाललेलं. त्यावरचे खलाशी आधी घाबरले आणि मग त्यांनीही हात हलवले. खरी बार्ज तासाभराने आली तेव्हा आमच्या लोकांचे घसे बसलेले होते. मालक मला म्हणाले, "मिस्टर साळवी, मेंढ्यांचं स्वागत जास्त चांगलं झालं."

पण लिहायचंय ते दाऊदचाचांबद्दल.

दाऊदचाचा हर्णैचे. रशीदभाईंच्या इमारतीत चार खोल्या, प्रत्येक खोलीत आठ पलंग, आणि या बत्तीस जणांचं दोन वेळचं जेवण चाचा एका शेगडीवर करत. एकतीस वर्षं. सुटीच्या दिवशी ते आमच्या गर्दीत यायचे. शिस्तीचे, वेळेवर येणारे, कॅमेऱ्याकडे चुकूनही न बघणारे. त्यांच्यासारखं काहीही न करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचं फळ असं मिळालं, की आमच्या अकरा कामांत ते होते आणि एकातही त्यांचं तोंड दिसलं नाही. बँकेच्या जाहिरातीत त्यांचं कोपर आहे. टूथपेस्टच्या जाहिरातीत डावी चप्पल आहे. विमानतळाच्या सिनेमात ते पूर्ण उभे आहेत, पण हिरोच्या सुटकेसच्या मागे.

चाचा प्रत्येक जाहिरात मोबाईलवरून हर्णैला पाठवत आणि कोपराभोवती लाल गोल काढत. त्यांची बायको, सकीनाभाभी, दर वेळी एकच उत्तर पाठवायची, "कोपर कोनाचा पन असंल."

एक दिवस चाचा ऑफिसात आले. पोटमाळ्याचा जिना चढून दमले होते. म्हणाले, "सायेब, पुढल्या महिन्यात मी कायमचा चाललो. खलास. मेस पोरांच्या हवाली केली."

मी म्हटलं, "वा, चाचा! आता आराम करा."

"आराम करीन. पन जायच्या आदी एक डाव माजा तोंड दाखवा. सकीनाला वाटतं मी हितं येऊन नुस्ता कोपर हलवतो."

ते हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. एकतीस वर्षं जो माणूस दर दोन वर्षांनी महिनाभर घरी जातो, त्याने बाकीचा वेळ काय केलं याचा पुरावा म्हणून हातात काहीतरी हवं असतं. मला ते कळलं. मी म्हटलं, "चाचा, या वेळी तोंड. इन्शाल्ला." आणि असा शब्द देताना जरा तरी डोकं वापरावं, ते मी वापरलं नाही.

कारण पुढचं काम आलं ते इंग्लंडच्या निवडणुकीचं.

एक इंग्रज कंपनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका सार्वत्रिक निवडणुकीवर मालिका काढत होती. इंग्लंडमध्ये पावसाने त्यांचा सेट तीनदा वाहून गेला, म्हणून त्यांनी अल क्वोजमध्ये गोदाम भाड्याने घेतलं आणि त्यात इंग्लंडचं एक गाव उभारलं. दगडी रस्ता, उतरत्या छपरांची घरं, मध्ये मतदानाचा लाकडी मंच. चिखलसुद्धा बनवला होता. ऑगस्ट महिना, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि आत आवाज टिपायचा म्हणून एसी बंद. डायरेक्टर निकोलस नावाचा उंच, हडकुळा माणूस. त्याच्याबरोबर हेलनबाई, इतिहासाच्या डॉक्टर. पोशाखाचं बटण चुकलं तरी त्या शूटिंग थांबवत.

हेलनबाईंनी पहिल्या दिवशी आमचा त्या निवडणुकीवर वर्ग घेतला. मत कागदावर टाकायचं नव्हतं, मंचावर चढून सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं. कारकून ते वहीत उतरवणार, आणि खाली उभी असलेली गर्दी आवडलं तर टोप्या उडवणार, नाही आवडलं तर कोबी आणि मेल्या मांजरी फेकणार. मतदान दिवसेंदिवस चालायचं. उमेदवार मतदारांना खाऊ घालत, पाजत, त्यांच्या बायकांशी गोड बोलत. मत फार थोड्यांना असायचं, आणि कुणाला असायचं याचे नियम गावोगाव वेगळे.

मी घरी हे सांगितलं तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "सो बेसिकली दे जस्ट शाउटेड? बाबा, दॅट्स लाइक अवर बिल्डिंग मीटिंग."

निकोलसला पावणेदोनशे माणसं हवी होती. ती मी दिली. पण मंचावर चढून मत देणारे बारा मतदार, ज्यांची तोंडं दिसणार, ते त्याला "इंग्लिश दिसणारे" हवे होते. मी शहर पालथं घातलं. जिममध्ये शिकवणारे तीन सर्बियन, घरं विकणारे पाच रशियन, घोड्यांचा एक अर्जेंटिनी डॉक्टर, दोन पोलिश वेटर, आणि बारावा एक लेबनीज दंतवैद्य, जो सगळ्यांत जास्त इंग्रज दिसत होता. इंग्रज मात्र एकही मिळाला नाही. ते सगळे उन्हाळ्यात इंग्लंडला गेले होते.

बाकीची गर्दी आपली. रत्नागिरी, रायगड, केरळ, नेपाळ. लोकरीचे कोट, मोठ्या टोप्या आणि डोक्यावर पांढरे विग. विगवर पावडर म्हणून कॉर्नफ्लोअर मारलेलं. घामात ते भिजून प्रत्येकाच्या कपाळावरून कढी उतरत होती. "येक विग नऊशे दिरहम, मंजे वीस हजार रुपयांच्या वर," असं रशीदभाईंनी मोठ्याने हिशेब करून सांगितल्यापासून कुणी मान हलवायला तयार नव्हतं. मेल्या मांजरी फेकायचा प्रसंग होता, त्या रबराच्या. कोबी मात्र खरा होता आणि तो फेकवेना कुणाला. फेकल्यासारखं करून लोक तो कोटाच्या खिशात घालत.

आणि चाचा चौथ्या ओळीत. पुढे तीन ओळी टोप्या. मी निकोलसला विचारलं होतं, बारांत एक आमचा माणूस घेता का? त्याने चाचांकडे बघितलं, फार सभ्यपणे हसला आणि "लव्हली मॅन" म्हणाला. म्हणजे नाही. हे मी चाचांना सांगितलं नाही. ते दर अर्ध्या तासाने माझ्याकडे बघायचे, मी अंगठा वर करायचो. त्या अंगठ्याची मला अजून लाज वाटते.

पहिला प्रसंग घेतला तो शेवटचा. शूटिंगमध्ये असंच असतं. जिंकलेल्या उमेदवाराला सजवलेल्या खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन गावातून मिरवायची तिकडे पद्धत होती. रशीदभाई म्हणाले, "ह्ये बरं हाय. निकाल आदी, मतदान मागनं." खुर्ची उचलायला सर्बियन लावले. ताकद भरपूर, पण पाय एकाचा इकडे, एकाचा तिकडे. खुर्ची कलायला लागली तसे गुहागरकडचे आमचे सहा जण न सांगता पुढे झाले आणि त्यांनी दांडे खांद्यावर घेतले. दांडा खांद्यावर आला की त्या भागातल्या माणसाला एकच गोष्ट माहीत असते, शिमग्याची पालखी नाचवणं. त्यांनी इंग्लंडचा खासदार नाचवला. वर, खाली, डावीकडे, गिरकी, पुन्हा वर. उमेदवाराचं काम करणारा जेरेमी नावाचा गोलमटोल नट दोन्ही हातांनी खुर्ची धरून किंचाळत होता. विग उडाला. कुणीतरी ढोलाचा आवाज तोंडाने काढायला लागलं. मी डोळे मिटून घेतले.

"कट!" निकोलस म्हणाला. मग हेलनबाई थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "हे अगदी जुन्या चित्रांतल्यासारखं आहे. यांना कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "आम्ही फार तयारी केली, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मुख्य प्रसंग, मतदानाचा. आणि तो त्याच दिवशी संपायला हवा होता, कारण सकाळी सेट मोडून त्या गोदामात कुणाच्या तरी लग्नाचं स्टेज बनणार होतं. हेलनबाईंनी या गावाचा नियम सांगितला. इथे मत कुणाला? ज्याची स्वतःची चूल आहे आणि त्या चुलीवर जो स्वतःचं पातेलं उकळतो, त्याला. दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्याला मत नाही. म्हणून मतदानाआधी लोक पातेली रस्त्यावर आणून, सगळ्यांना दिसेल असं शिजवून दाखवायचे.

रशीदभाई दचकले. "सायेब, मंजे आमच्या इमारतीत बत्तीस मानसं आनि मत येकच? दाऊदचाचांचा?"

"माजा पन नाय," चाचा मागून शांतपणे म्हणाले. "शेगडी मेसची हाय. मी नुस्ता रांधतो."

"मग हर्णैची?"

"ती सकीनाची. घरी मी पाव्हना. ताट समोर येतो, मी खातो. येवड्या वर्सांत तिनं माजा हातचा घास खाल्ला नाय."

प्रसंग असा होता की उमेदवार रस्त्यावरच्या बारा पातेल्यांपाशी एकेक करून जाणार, प्रत्येकातलं चाखणार आणि मत मिळावं म्हणून "या प्रांतात याहून चविष्ट काही नाही!" असं म्हणणार. बारा पातेली शिजवणार कोण, यावरून कला विभागात पळापळ सुरू झाली. मी ताबडतोब चाचांना पुढे केलं. तोंड नाही तर नाही, निदान हात तरी जवळून दिसतील, असा माझा हिशेब. कोपरावरून हातापर्यंत, म्हणजे प्रगतीच.

हेलनबाईंनी पाककृतीचा कागद दिला. मटण, सलगम, जव, मीठ, पाणी. चाचांनी तो रशीदभाईंकडून वाचून घेतला आणि मला विचारलं, "वाटण कवा घालायचा?"

"वाटण नाही, चाचा."

"कांदा भाजून?"

"नाही."

"मिरी तरी?"

हेलनबाईंनी नकाराची मान हलवली. चाचांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "ह्ये आजाऱ्याचा हाय काय?"

पण काम म्हणजे काम. त्यांनी ते शिजवलं. जेरेमीने चाखलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की कुठल्याही मतदाराने त्याला आयुष्यात मत दिलं नसतं. कट. पुन्हा. दुसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून गिळलं, पण "चविष्ट" म्हणताना आवाज फाटला. बारा वेळा झालं. जेरेमी चांगला नट होता, मी त्याला दोष देत नाही. उकडलेल्या सलगमापुढे अभिनयाचं काही चालत नाही. निकोलस घड्याळाकडे बघून नखं खायला लागला. आणि चाचा पातेल्यामागे उभे, हातात डाव, मान खाली. आपल्या हातचं खाऊन बारा वेळा माणूस तोंड वाकडं करतो, हे त्यांनी एकतीस वर्षांत बघितलं नव्हतं.

जेवणाच्या सुटीत ते दिसेनात. मी शोधलं तर ते सातव्या पातेल्यापाशी पाठ करून उभे. शेजारी त्यांचा स्वतःचा डबा उघडा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, कांद्याचा आणि मिरचीचा वास इंग्लंडच्या रस्त्यावर पसरलेला.

"चाचा! काय केलंत?"

"सायेब, मी येकच पातेला सुदारलाय. बाकी अकरा त्यांचे तसेच हायत."

ओरडायला वेळच मिळाला नाही, कॅमेरा सुरू झाला. जेरेमीने पहिली सहा पातेली तोंड घट्ट ठेवून पार केली. सातव्यात चमचा घातला, तोंडात टाकला आणि थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा. मग त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि ते वाक्य असं म्हटलं, की माझ्या अंगावर काटा आला. पुढे त्याने आठव्या पातेल्याकडे जायचं होतं. तो गेला नाही. तिथेच उभा राहून खायला लागला.

विरोधी उमेदवार मंचावरून उतरून खाली आला, हे पटकथेत नव्हतं. उकडलेल्या अंड्यांशिवाय काही न खाणारा एक सर्बियन मतदार कारकुनासमोरून निघून रांगेत उभा राहिला. मागोमाग रशियन. दंतवैद्याने स्वतःची वाटी कुठून आणली, देव जाणे. मंचावर कारकून एकटाच ओरडत राहिला, "तुमचं मत कुणाला?" निकोलस "कट" म्हणायला धावत आला, पातेल्यात वाकून बघितलं आणि त्याच्याही हातात वाटी आली. मागची आमची गर्दी तेवढी जागेवर उभी होती, शिस्तीत, बांगड्याचे भाव पुटपुटत.

दोन वाट्यांनंतर निकोलसने तोंड पुसलं आणि विचारलं, "हे पातेलं कुणाचं?"

मी चाचांकडे बोट केलं. काम गेलं, असंच मला वाटलं.

"याला मतदाराचा कोट घाला," निकोलस म्हणाला. "सातवा मतदार हा. हाच वाढणार, हाच मंचावर चढणार. क्लोजअप."

मेकअपला दीड तास लागला. विग, कल्ले, गालावर गुलाबी रंग, नाकाला मेण. चाचा आरशात स्वतःकडे बघायला तयार नव्हते. पण मंचावर ते असे चढले, जणू दर निवडणुकीला चढत असावेत. त्यांना एकच शब्द होता. कारकून विचारणार, "ही चूल तुमची स्वतःची आहे?" आणि शपथेच्या पुस्तकावर हात ठेवून चाचांनी म्हणायचं, "येस, सर."

ॲक्शन. कारकुनाने विचारलं.

"नो, सर," चाचा म्हणाले. "मेस."

कट. पुन्हा. "नो, सर." कट. मी मंचावर चढलो. "चाचा, हे नाटक आहे. फक्त येस म्हणा!"

"सायेब, हात पुस्तकावर हाय. खोटी शपत कशी घेऊ? चूल माजी नाय."

"अहो, हर्णैचं घर तुमचं ना? त्यात चूल आहे ना?"

"हाय. पन ती सकीनाची."

"आणि सकीनाभाभी कुणाच्या?"

चाचांनी विग सावरला. "ते पन तिलाच इचारावा लागंल."

निकोलस खाली घड्याळावर बोट आपटत होता. एका शब्दावर त्यांचं तोंड अडलं होतं, अकरा कामांनंतर मिळालेलं. मी फोन काढला, भाभींना लावला आणि स्पीकरवर टाकला. अठराव्या शतकातलं अख्खं गाव कान देऊन उभं.

"सकीना," चाचा म्हणाले, "आपली चूल माजी हाय, असा बोललो तर चालंल काय?"

"कशाला?"

"मत द्यायचाय."

"कोनाला?"

"हाय येक गोरा."

मग भाभींचा आवाज आला, "बोला. घरी आल्यावर बगू."

पुढच्या टेकला चाचांनी पुस्तकावर हात ठेवला, मान वर केली आणि ते "येस, सर!" असे ओरडले, की वर छतावरची कबुतरं उडाली. सगळ्या गर्दीने टोप्या उडवल्या. त्याही न सांगता. नऊशे दिरहमचे विगसुद्धा.

चाचा पुढच्याच आठवड्यात गेले. त्याआधी जेरेमीने त्यांच्याकडून वाटणाची कृती लिहून घेतली.

मालिका आठ महिन्यांनी लागली. मी, बायको आणि मुलगी, तिघं सोफ्यावर. मतदानाचा भाग आला आणि पडद्यावर चाचा आले. पूर्ण चेहरा, समोरून, चार सेकंद. मी मोजले. मी टाळ्या वाजवायला लागलो तर मुलीने विचारलं, "बाबा, हू इज ही? ही लुक्स सो इंग्लिश."

माझ्या टाळ्या थांबल्या. नाक मेणाचं, गाल गुलाबी, कल्ले पांढरे. मीही तो चेहरा चाचांचा म्हणून ओळखला, तो केवळ शूटिंगला तिथे उभा होतो म्हणून. अकरा वेळा त्यांचं कोपर दाखवलं ते निदान त्यांचं तरी होतं. बाराव्या वेळी तोंड दाखवलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी करून दाखवलं. मला फार वाईट वाटलं. त्यांना फोन करायचं मी रोज उद्यावर ढकलत राहिलो.

दोन आठवड्यांनी त्यांचाच आला. आवाज रडकुंडीला आलेला.

"सायेब, तुमी सांगा हिला! सगळा गाव ओळखतो, नात ओळखते, ही येकटी मानत नाय. म्हनते, ह्यो कोन गोरा हाय."

मी म्हटलं, "द्या भाभींकडे." मागे काहीतरी चरचर भाजल्याचा आवाज येत होता. भाभी फोनवर आल्या. मी अगदी सगळं सांगितलं, मेण, कल्ले, विग. म्हटलं, "भाभी, तो आवाज तरी ओळखा. आणि तुम्हाला तर फोनसुद्धा केला होता."

"आवाज कोन पन काढतो," त्या म्हणाल्या. मग चालत चालत बाहेर आल्या असाव्यात, कारण चरचर थांबली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "भावजी, ते हायत ते मना पयल्या झटक्यात कळला. मी बोलले, तो गोरा तुमी असाल तर त्यानं रांदला ते रांदून दाकवा. तेरा दिवस झाले, रोज दोन टाईम रांदतायत. माजी खात्री अजून पटली नाय. तुमी पन आता मदी पडू नका."